बंदा रुपया आणि ढब्बू पैसा

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका जादूगाराची फजिती झाली. जादूगार इयत्ता आठवीतला. अंगात वडिलांचा काळा कोट, डोक्याला बहिणीच्या ओढणीचा फेटा. त्याने प्रेक्षकांतून चार रुपये मागून घेतले, रुमालाखाली धरले आणि एकेक रुपया अदृश्य करून पलीकडच्या पितळी पेल्यात खणकन पाडला. टाळ्याही झाल्या. शेवटी पेला पालथा केला, तर तीन रुपये लहान आणि चौथा चांगला ऐसपैस! पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "अरे, याच्या रुपयाने बाळसे धरले!" मग काय विचारता? सारा मांडव हसू लागला आणि आमचा जादूगार फेटा सावरीत आत पळाला.

झाले होते ते एवढेच. प्रेक्षकांनी दिलेले चारही रुपये नव्या पद्धतीचे होते आणि याने तळहातात दडवून ठेवलेला पाचवा रुपया जुना होता. दुसऱ्या दिवशी तो हिरमुसल्या तोंडाने माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, रुपया रुपयासारखा का नसतो?"

प्रश्न साधा, पण त्याच्या पोटात आपल्या किनाऱ्याचा तीनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या मुलाला जे सांगितले तेच येथे सांगतो.

आपल्या रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला आणि त्यांच्या नावाची नाणी निघाली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन दुर्मिळ, परंतु शिवराई पुढे पेशवाईत गावोगाव पाडली गेली. १७४४ च्या सुमारास पेशव्यांनी रेवदंड्यास आणि नागोठण्यास तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने दिले होते. आंग्र्यांची टांकसाळ अलिबागेस होती. म्हणजे आज एस. टी.ने एका सकाळी फिरून यावे एवढ्या टापूत तीन ठिकाणी घण वाजत होते.

हे काम कसे चाले? धातूचे तुकडे तोडायचे, तराजूत घालायचे, जास्त भरले तर कातरायचे, ठोकून चपटे करायचे आणि दोन ठशांमध्ये धरून वर घणाचा घाव घालायचा. घाव सरळ बसला तर नाणे गोल, कलता बसला तर लांबट. ठसा पुष्कळदा तुकड्याहून मोठा असे, त्यामुळे एका शिवराईवर 'छत्र' उमटे तर दुसरीवर नुसते 'पति'. सरकारचा कटाक्ष वजनावर असे. रुंदीची फिकीर कोणालाच नव्हती. एकाच दिवशी, एकाच ठशाने पाडलेली दोन नाणी शेजारी ठेवा. ती सख्ख्या भावांसारखी दिसतील, जुळ्यांसारखी नव्हे.

त्या काळी एखाद्या गारुड्याला चार सारखी नाणी हवी असती तर त्याला पोतेभर शिवराया चाळीत बसावे लागले असते. आणि हा त्रास एकट्या गारुड्याचा नव्हता. बाजारात आलेले नाणे कोणत्या टांकसाळीचे, झिजलेले किती, कातरलेले किती, हे पाहून सराफ त्यावर बट्टा घेई. ज्याला नजर होती तो तरला. ज्याला नव्हती तो प्रत्येक व्यवहारात थोडा थोडा नागवला गेला. मिठागरावरचा मजूर आणि होडीवरचा तांडेल या दुसऱ्या वर्गातले.

मग यंत्र आले. १८३० च्या सुमारास मुंबईच्या टांकसाळीत वाफेवर चालणारे दाब बसले. तेथे धातूची चकती पोलादी कड्यात बसवून दाबली जाई. तिला कड्याबाहेर पसरताच येत नसे. १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून आपल्या साऱ्या मुलखाला एकच रुपया दिला. वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. पुढे १८४० साली आंग्र्यांचे संस्थान कंपनीने खालसा केले आणि अलिबागचा स्वतंत्र कारभार संपला. स्वराज्याची खूण गेली याचे दुःख खरे. पण मजुराच्या हातात पडलेला रुपया आता सावकाराच्या रुपयाएवढाच होता, हेही तितकेच खरे. इतिहासाच्या नाण्याला अशा दोन बाजू असतात.

आता खरी गंमत ऐका. त्याच १८३५ साली कंपनी सरकारने तांब्याचे अर्ध्या आण्याचे नाणे काढले, वजन २०० ग्रेन. हाच आपला ढब्बू पैसा. माझ्या आजीच्या फिरकीच्या तांब्यात असे दोन ढब्बू आणि व्हिक्टोरिया राणीचा एक बंदा रुपया होता. त्या मुलासमोर मी ती नाणी काढली आणि ढब्बूवर रुपया ठेवला. कडेला कड तंतोतंत बसली! दोन्ही नाणी एकतीस मिलिमीटरच्या आसपास. ढब्बू जरा जाड आणि हाताला जड. पण रुंदी तीच. किमतीत मात्र बत्तीस पट अंतर.

मुलाचे डोळे लकाकले. कारण जादूगारांचा एक जगप्रसिद्ध खेळ आहे. एका मुठीत चांदीचे नाणे, दुसऱ्या मुठीत तांब्याचे. मुठी उघडल्या की अदलाबदल! पाश्चात्य जादूगार त्यासाठी अमेरिकेचा अर्धा डॉलर आणि इंग्लंडची जुनी पेनी घेत आले. पहिला ३०.६ मिलिमीटरचा, दुसरी ३०.८ ची. दोन देशांची नाणी जमवून त्यांनी जी जोडी लावली, ती आमच्याकडे एकाच कनवटीला होती. चलनासाठी ढब्बू पाडणे १८७७ नंतर थांबले, तरी जुने ढब्बू घरोघर राहिलेच.

जादूचे मर्म मी येथे फोडणार नाही. कोणाच्या पोटावर पाय का द्यावा? पण नाणी निवडावी कशी, एवढे सांगायला हरकत नाही. रुंदी आधी पाहावी, कारण नाणे तळहाताच्या दोन उंचवट्यांमध्ये कडेवर धरलेले असते आणि हात एकदा एका मापाला सरावला की दुसरे माप त्याला चालत नाही. मग कड पाहावी. कंगोरे असले तर पकड चांगली बसते. मग आवाज. संग्राहक कोरे करकरीत नाणे शोधतो, जादूगार झिजलेले पसंत करतो, कारण झिजलेली नाणी एकमेकांवर घसरताना बोलत नाहीत. अमेरिकेत टी. नेल्सन डाउन्स नावाचा रेल्वेतला तारमास्तर नाण्यांच्या खेळांवर जगभर 'नाण्यांचा राजा' म्हणून गाजला. तो १८९९ साली लंडनच्या रंगभूमीवर उतरला, तेव्हा त्याचे भांडवल म्हणजे मूठभर सारखी नाणी.

आज काय करावे? रुपया १९९२ साली २५ मिलिमीटरचा होता, २०११ साली २२ चा झाला आणि २०१९ साली २० चा. चलनात तिन्ही. म्हणून तर आमच्या जादूगाराच्या रुपयाने बाळसे धरले. तेव्हा आम्ही दोघांनी फूटपट्टी घेऊन डबाभर सुटी नाणी मापली आणि आम्हाला नवी जोडी सापडली. २०११ चे दोन रुपये पांढऱ्या पोलादाचे, २५ मिलिमीटर. २०१९ चे पाच रुपये पिवळे, तेही २५ मिलिमीटर. बंदा रुपया आणि ढब्बूच जणू पुन्हा जन्माला आले!

मुलगा उड्या मारीत घरी गेला. त्याचे आजोबा पूर्वी मचव्यावर होते. पुढे दृष्टी गेली. आता ते एस. टी.च्या थांब्याजवळ शेंगा विकतात. नातवाने त्यांच्याच हातावर प्रयोग केला. आधी दोन रुपये ठेवले, मग शिताफीने पाच. "आजोबा, दोनाचे पाच झाले!" आजोबांनी नाणे बोटावर तोलले आणि म्हणाले, "पोरा, माझ्याकडे हा खेळ रोज होतो. फक्त पाचाचे दोन होतात आणि टाळ्या कोणी वाजवीत नाही."

ही हकीकत मुलाने मला सांगितली तेव्हा त्याच्या आवाजात हसू नव्हते.

मी आजोबांना भेटायला गेलो. ते म्हणाले, "मास्तर, पूर्वीचा आणा नागमोडी कडेचा, चवली चौकोनी. नव्या पैशांतही पाच पैसे चौकोनी, दहा पैशांना पाकळ्या. पाच रुपये निघाले तेही जाडजूड. काळोखात, पावसात बोटांनी हिशेब व्हायचा." गंमत म्हणा की दैवदुर्विलास, २०१९ ची नाणी दृष्टिहीनांना ओळखता यावीत म्हणूनच मुद्दाम चढत्या मापाने काढली गेली. एकट्याने पाहिली तर ती मालिका उत्तम आहे. पण जुनी नाणी बाजारातून उठली नाहीत, आणि जुन्याचे दोन नव्याच्या पाचाला जाऊन मिळाले. दोघांच्या वजनात दोन ग्रॅमांचा फरक आहे. आजोबा आता तोच धरून चालतात.

यंदाच्या संमेलनात मुलाने प्रयोग पुन्हा केला आणि तो छान वठला. पण मला आवडला तो त्याचा दुसरा उद्योग. रोज संध्याकाळी तो आजोबांच्या टोपलीपाशी बसतो आणि दोनाची नाणी एका डब्यात, पाचाची दुसऱ्यात लावून देतो.

लक्ष्मीपूजनाला आपण नाणी धुऊन पुसून पाटावर मांडतो. यंदा ती मांडताना मुलांना जवळ बसवा, डोळे मिटायला सांगा आणि प्रत्येक नाणे नुसत्या बोटांनी ओळखायला लावा. घटकाभर खेळ होईल. आणि पुढच्या वेळी एखाद्या अंध विक्रेत्याला पैसे देताना, "आजोबा, हे पाच आहेत," एवढे तोंडाने सांगायचे ती मुले विसरणार नाहीत.