बारिया करंडकाचा नकाशा

चऱ्होली बुद्रुकचा एखादा मुलगा कॉलेजच्या संघातून खेळला, तर तो कोणत्या विद्यापीठाकडून खेळला असं धरायचं? उत्तर सालावर अवलंबून आहे. १९४० साली तो मुंबई विद्यापीठाचा असता, १९६० साली पुणे विद्यापीठाचा. आज तो गावातल्या गावात शिकूनही दोनपैकी एका विद्यापीठाचा असू शकतो. इंद्रायणीकाठचं गाव जागचं हललेलं नाही, विद्यापीठांच्या हद्दी मात्र त्याच्यावरून सरकत गेल्या. भारतातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचा इतिहास लिहिताना नेमकी हीच गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. विजेत्यांची यादी सगळे पाहतात. तिच्याशेजारी विद्यापीठांचे कायदे ठेवून ती वाचायला हवी.

या स्पर्धांपैकी सर्वांत चांगला कागदी माग राहिला आहे तो क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाचा. मुंबईच्या अर्देशीर दादाभॉय बारिया यांनी मुलाच्या स्मृतीसाठी तो दिला आणि १९३५-३६च्या हंगामात स्पर्धा सुरू झाली. पहिलं विजेतेपद लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने मिळवलं. सुरुवातीची काही वर्षं क्रिकेट नियामक मंडळाने ती भरवली. १९४०-४१पासून ती आंतरविद्यापीठ मंडळाकडे गेली. हे मंडळ १९२५ साली मुंबईतल्या परिषदेत स्थापन झालं होतं आणि आजचा भारतीय विद्यापीठ संघ हा त्याचाच वारस.

१९३५-३६ ही सुरुवातीची तारीख आजूबाजूच्या तारखांमध्ये ठेवून पाहिली की तिचं वजन कळतं. रणजी करंडकाचा पहिला हंगाम १९३४-३५चा, म्हणजे बारिया करंडक त्याच्या मागोमाग वर्षभरात आला. पण मुंबईत तेव्हा मैदानं तुडुंब भरत ती चौरंगी सामन्यांना. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे तिथे धर्मावर आणि वंशावर उभे केलेले संघ असत. १९३७ साली पाचवा संघ आला, उरलेल्यांचा. विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या 'उरलेल्यां'कडून खेळत. १९४३-४४मध्ये त्यांनी हिंदू संघाविरुद्ध ३८७पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या, त्याही याच संघाकडून. महात्मा गांधींनी १९४० साली या सामन्यांना जाहीर विरोध केला आणि १९४५-४६नंतर ते बंद पडले.

अशा काळात एका पारशी बापाने मुलाच्या नावाचा करंडक दिला तो ज्या स्पर्धेला, तिथे हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती विद्यार्थी एकाच संघात खेळणार होते. अर्देशीर बारियांच्या मनात हाच विचार होता असं म्हणायला आधार लागेल, म्हणून मी तसं म्हणत नाही. पण स्पर्धेची रचना स्वतःच एक पुरावा आहे. संघ ठरत होता तो विद्यापीठाच्या नोंदवहीवरून. त्या दशकातल्या मुंबईत ही साधी गोष्ट नव्हती, आणि बारिया करंडकाला इतिहासात मान मिळायला हवा तो आधी यासाठी.

आता कायद्यांकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७चं. तेव्हापासून नव्वद वर्षांहून अधिक काळ पश्चिम भारतातली बहुतेक कॉलेजं त्याच्याशी संलग्न होती. पुण्याचं फर्ग्युसन आणि स. प., धारवाडचं कर्नाटक कॉलेज, अहमदाबादचं गुजरात कॉलेज, आणि फाळणीच्या वर्षापर्यंत कराचीतली कॉलेजंही. त्यामुळे स्वातंत्र्याआधीच्या हंगामांत विजेता म्हणून 'मुंबई' असं नाव दिसलं की डोळ्यांसमोर आझाद मैदान आणि दादर उभं करणं चूक ठरतं. तो एका शहराचा संघ नव्हता. कराची ते धारवाड एवढ्या पट्ट्यातला विद्यार्थी त्यात निवडला जाण्यास पात्र होता.

रणजीत नेमकी उलट स्थिती होती. पहिल्याच हंगामापासून मुंबई, महाराष्ट्र, गुजरात आणि सिंध हे वेगवेगळे संघ होते आणि पश्चिम विभागात एकमेकांशी भिडत. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी जिंकला, तेव्हा पुणेकरांना मुंबईविरुद्धचा अभिमान मिरवायला हक्काची जागा मिळाली. पण देवधर ज्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत, तिथला विद्यार्थी बारिया करंडकासाठी निवडला गेलाच, तर 'मुंबई'च्याच टोपीत उतरणार होता. एकाच मुलाची एका हंगामात अशी दोन निशाणं असू शकत होती. हे ज्यांना ठाऊक नाही, ते त्या काळचे धावफलक वाचताना पुण्याला गैरहजर समजतात.

१९४९ साली ही एकसंध हद्द फुटली. १० फेब्रुवारीला पुणे विद्यापीठ अस्तित्वात आलं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी बडोदा, गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठांचीही सुरुवात झाली. मुंबईचा संघ खऱ्या अर्थाने मुंबईचा होऊ लागला तो इथून पुढे. पुण्याच्या वाट्याला आधी बारा जिल्हे होते. मग १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९०मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक एवढे तीन जिल्हे उरले. 'पुणे विद्यापीठ' या नावाखालची १९५५ची आणि १९९५ची कामगिरी एका रांगेत मोजणं म्हणूनच न्यायाचं नाही. पहिल्या संघाला सांगली-साताऱ्याची मुलं मिळत होती, दुसऱ्याला नाही.

मुंबईच्या पुढच्या काळाबद्दल फार लिहायची गरज नाही, ते सर्वांना पाठ आहे. बारिया करंडकात सुनील गावसकरांच्या ३२७ धावांनी अजित वाडेकरांचा ३२४चा विक्रम मोडला, आणि त्यानंतर हे दोघे १९७१ साली एकाच भारतीय संघातून वेस्ट इंडीजला गेले, वाडेकर कर्णधार आणि गावसकर नवखे सलामीवीर. गावसकरांच्या चार कसोटींत ७७४ धावा आणि भारताचा वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला मालिकाविजय. विद्यापीठाच्या सामन्यांची इतकी मोठी पोचपावती पुन्हा क्वचितच मिळाली.

विद्यापीठं वाढली तसे स्पर्धांचे विभाग अपरिहार्य झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात विद्यापीठं होती वीसच्या आसपास, आज हजाराहून अधिक आहेत. क्रिकेटमध्ये १९६६-६७पासून विभागांच्या निवडक विद्यापीठ संघांसाठी विझी करंडकही सुरू झाला. बास्केटबॉलसारख्या खेळात तर पश्चिम विभाग स्पर्धा हीच खरी चाळणी आहे. तिच्यातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात, बाकीचे घरी.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्येही अशीच चाळणी आहे, पण एके काळी तिचं भोक फार बारीक होतं. अटलांटिक कोस्ट परिषद या विद्यापीठांच्या गटाची स्पर्धा १९५४ साली सुरू झाली, आणि तिचा एकटा विजेता राष्ट्रीय स्पर्धेला जाई. १९७४च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१००ने हरवलं. त्या वर्षीच्या देशातल्या अव्वल संघांपैकी एक असलेला मेरीलँड राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका परिषदेतून एकापेक्षा अधिक संघांना वाट मिळाली. आपल्या विभागांतून चार जण जातात ही रचना मला अधिक शहाणपणाची वाटते. एका वाईट दिवसाने वर्ष बुडत नाही.

आता पुन्हा चऱ्होलीकडे. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. २०१५मध्ये लोहगावच्या बाजूला चऱ्होली बुद्रुकच्याच पत्त्यावर अजिंक्य डी. वाय. पाटील हे खासगी विद्यापीठ झालं. त्याच परिसरात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. संलग्न कॉलेजच्या मुलाला आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय सामने, मग विद्यापीठाची निवड चाचणी, आणि तेव्हा कुठे पश्चिम विभाग. स्वतंत्र विद्यापीठाचा विद्यार्थी आपल्या विद्यापीठाच्या निवड चाचणीतून थेट पश्चिम विभागात पोचू शकतो. शंभर पावलांवरच्या दोन वर्गांतली मुलं, आणि वाटेची लांबी इतकी वेगळी. पन्नास वर्षांनी कुणी विजेत्यांची यादी वाचेल तेव्हा हा फरक त्याला त्या यादीतून कळणार नाही.

म्हणून महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांना एकच विनंती आहे. आंतरमहाविद्यालयीन फेऱ्यांच्या भाग्यपत्रिका, पंचांनी सही केलेले गुणतक्ते आणि संघांच्या पात्रता याद्या रद्दीत घालू नका. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचं कॉलेज लिहा, आणि हरलेल्या संघांचे कागदही जिंकणाऱ्यांच्या कागदांबरोबर एकाच फाइलीत ठेवा.