हातगुणाची मोजदाद

नायगावच्या पूर्वेस, चंडिकादेवीच्या डोंगराच्या आश्रयाने वसलेल्या जूचंद्रात, किंवा त्या बाबतीत साऱ्या वसई तालुक्यात, एखादा नवा डॉक्टर दवाखाना थाटतो तेव्हा त्याची पदवी कोणती आणि ती कोणत्या विद्यापीठाने दिली याची विचारपूस फारशी होत नाही. पहिला प्रश्न असतो तो त्याच्या हातगुणाचा. हा प्रश्न भाबडा आहे असे मला कधीच वाटले नाही. ज्या हाती आपण देह सोपवतो तो हात त्या कामास योग्य झाला आहे, हे कोणी ठरविले, कशावरून ठरविले आणि ते ठरविताना तो हात काम करीत असताना कोणी डोळ्यांनी पाहिला होता काय, असा त्याचा सरळ अर्थ आहे. आमच्या प्रांतात या प्रश्नाला सरकारदरबारी उत्तर शोधण्याचा प्रयत्न गेली दोनशे वर्षे चालला आहे.

त्यापूर्वी हा विचारच नव्हता असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत शिष्याने शस्त्रकर्माचा अभ्यास भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, केसांसकट काढलेल्या चामड्यावर, मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा असे सांगितले आहे, आणि वैद्याने व्यवसायास आरंभ करण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी अशीही अट घातली आहे. परंतु गावोगावच्या वैद्य-हकिमांच्या परंपरेत गुरूचा शब्द हीच सनद होती, आणि गुरूने कोणत्या कसोटीवर तो शब्द दिला हे दप्तरी नोंदलेले नसे.

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यक देशी विद्यार्थ्यांस शिकविण्याचा पहिला सरकारी प्रयत्न 1826 मध्ये डॉक्टर जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली झाला. ती शाळा 1832 मध्ये बंद पडली. पुढे 1835 मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. 1838 च्या जुलै महिन्यात दापोडी मुक्कामी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये भायखळ्यास सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यातून निर्माण झालेले रुग्णालय त्याच साली, त्याच आवारात, कॉलेजाच्या काही महिने आधी उघडले होते. ही जवळीक पुढील साऱ्या कथेचे मूळ आहे, कारण व्याख्यानाची खोली आणि रुग्णाची खाट यांमधील अंतर जितके कमी, तितके शिकणाऱ्याच्या खऱ्या कर्तबगारीवर लक्ष ठेवणे सोपे.

ते लक्ष ठेवणारा पुरुषही तसाच लाभला. कॉलेजाचे पहिले प्रमुख डॉक्टर चार्ल्स मोरहेड हे एडिंबरोत शिकले होते आणि पॅरिस येथे पिएर लुई यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले होते. लुई यांचा आग्रह असा की, रोगाविषयी मत देण्यापूर्वी खाटेजवळ बसून जे दिसते, ऐकू येते आणि हातास लागते ते सर्व नोंदावे, अशा नोंदी पुष्कळ जमवाव्यात, त्यांची संख्येने तुलना करावी आणि मगच बोलावे. मोरहेड यांनी हा शिरस्ता भायखळ्यास आणला. विद्यार्थ्याने रुग्णालयात रुग्णवृत्त लिहावयाचे: रुग्णाचे वय, जात, धंदा, राहण्याचे ठिकाण, दुखण्याचा आरंभ, नाडी, जीभ, श्वास, दिवसागणिक झालेला पालट, दिलेले औषध आणि अखेर काय झाले ते. गुरूने ते खाटेशीच तपासावयाचे. लिहिलेले आणि समोर निजलेले यांचा मेळ बसतो की नाही हे तेथल्या तेथे दिसे. मोरहेड यांनी 1856 मध्ये हिंदुस्थानातील रोगांवर जो द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, तो रुग्णालयांतील अशा निरीक्षणांच्या पायावरच उभा आहे. विद्यार्थ्याची परीक्षा आणि शास्त्राची वाढ ही दोन्ही कामे एकाच नोंदवहीने करावीत, ही योजना मला त्या शतकातील मुंबईच्या मोठ्या कर्तृत्वांपैकी एक वाटते.

या शिस्तीतून 1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले आत्माराम पांडुरंग होते, अनंत चंद्रोबा होते, वनस्पतिशास्त्रात नाव मिळविणारे गोमंतकीय लिस्बोआ होते. साठीच्या दशकात कॉलेजात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्गही निघाले. तालुक्याच्या दवाखान्यांतून खेड्यापाड्यांतील रुग्णास प्रत्यक्ष भेटे तो बहुधा अशा वर्गातून तयार झालेला दुय्यम दर्जाचा मनुष्य असे. त्याच्या परीक्षेची कथा मोठ्या पदवीधरांच्या कथेमागे झाकली गेली आहे, हे आपल्या इतिहासलेखनातील एक वैगुण्य होय.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1860 मध्ये कॉलेज त्यास जोडले गेले. परीक्षेची सूत्रे विद्यापीठाकडे गेल्याने मोठा लाभ झाला. शिकविणाऱ्याच्या मर्जीनामर्जीवर विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून राहू नये, परका परीक्षक असावा, सर्वांस एकच माप लागावे, ही न्यायबुद्धी वंदनीयच आहे. परंतु न्यायाच्या या पोशाखात एक वस्तू हळूहळू हरवली. पदवीच्या अंतिम परीक्षेत आजही जिला विद्यार्थी ‘लाँग केस’ म्हणतात, तिचेच उदाहरण घ्या. उमेदवारास एक रुग्ण देतात. त्याची हकीकत ऐकून, त्यास तपासून, ठरलेला वेळ संपला की परीक्षकासमोर कैफियत मांडावयाची. समजा, हिवतापाच्या रुग्णाची पानथरी वाढली आहे. ती तपासावयाची तर हाताचा तळवा ओटीपोटाच्या उजव्या बाजूपासून डाव्या बरगडीकडे तिरपा सरकवीत न्यावा लागतो, रुग्णाच्या प्रत्येक श्वासाबरोबर थांबावे लागते, हात थंड असेल तर तो आधी चोळून ऊन करावा लागतो, आणि दृष्टी पोटावर न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी लागते, कारण वेदना प्रथम तेथे उमटते. यांपैकी काहीही परीक्षकाच्या दृष्टीस पडलेच पाहिजे असे नाही. ‘पानथरी दोन बोटे वाढली आहे’ एवढे वाक्य त्याच्या कानी पडते, आणि ते वाक्य शेजारच्या उमेदवाराने हळूच सांगितलेले असले तरी त्याचे गुण तितकेच.

जूचंद्राच्या रांगोळीकारांची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. त्यांच्यात शिकाऊ मुलाची पूर्ण झालेली रांगोळी पाहून उस्तादाचे समाधान होत नाही. चिमटीतून रंग किती सुटतो, मनगट कोठे अडते, चूक झाल्यावर मुलगा ती कशी सावरतो, हे तो मुलगा जमिनीवर वाकलेला असतानाच पाहावे लागते. वैद्यकाच्या परीक्षेत नेमके हेच पाहणे वगळले गेले.

उणीव भासली की मनुष्य मोजणीकडे वळतो. विलायतेच्या जनरल मेडिकल कौन्सिलने येथील पदव्यांस मान्यता दिलेली होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर तिने आपले तपासनीस पाठवून प्रसूतीच्या शिक्षणाची कसून चौकशी सुरू केली: प्रत्येक विद्यार्थ्याने किती बाळंतपणे स्वतः पार पाडली, हा त्या चौकशीचा गाभा होता. 1930 मध्ये तिने हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली. यामागे साम्राज्याचे राजकारण होते यात शंका नाही, आणि मापदंड आपल्या हाती असावा ही आपल्या लोकांची मागणी त्याआधीच रूप घेत होती. 1926 मध्ये परळास के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज उभे राहिले ते अध्यापक हिंदीच असावेत या देणगीदारांच्या अटीवर. 1933 च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया अस्तित्वात आली. तरीही तपासनिसांचा प्रश्न अयोग्य नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळंतिणीच्या दृष्टीने तो प्रश्न कोणत्या देशाच्या मनुष्याने विचारला यास महत्त्व नाही.

पुढे बाहेरच्या जगातही हाच विचार पालटत गेला. 1975 मध्ये स्कॉटलंडातील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी अशी परीक्षा सुचविली की, उमेदवाराने घंटेसरशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जावे आणि प्रत्येक ठिकाणी एकेक कृती परीक्षकाच्या डोळ्यांदेखत करून दाखवावी. ‘ऑस्की’ या नावाने ती आता आपल्याकडील कॉलेजांतही सर्वांच्या तोंडी आहे. 1995 मध्ये अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून साधी गोष्ट मांडली: वॉर्डातील नित्याच्या कामात वरिष्ठाने शिकाऊ डॉक्टरास खऱ्या रुग्णाजवळ पंधरा-वीस मिनिटे पाहावे, बोलणे, तपासणी, निर्णय, सौजन्य यांचे वेगवेगळे गुण द्यावेत, काय चुकले ते लगेच सांगावे, आणि हे वर्षातून अनेकदा, निरनिराळ्या गुरूंनी करावे. ही ‘मिनी-सीईएक्स’ची पद्धत वाचताना मला मोरहेड यांचा वॉर्ड आठवतो. मधल्या काळात मिळविलेली निःपक्षपातीपणाची जोड तीत आहे, एवढाच काय तो फरक.

2019 पासून देशभर एम.बी.बी.एस.चा जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात प्रत्येक विद्यार्थ्यास लॉगबुक ठेवावे लागते आणि ठरावीक कौशल्ये करून दाखविल्याचा दाखला गुरूने सहीनिशी द्यावा लागतो. योजना उत्तम आहे. मात्र खाटेजवळ उभे न राहता, सत्राच्या अखेरीस गठ्ठ्याने केलेली सही ही खोटी साक्ष आहे, असे मी म्हणतो आणि ते पूर्ण जबाबदारीने म्हणतो. अध्यापकांस वेळ नसतो, बाह्यरुग्ण विभागात रेटारेटी असते, जागा रिकाम्या असतात, हे सर्व खरे. पण मग तो वेळ मोकळा करून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयांत काढावेत असाही नियम आता झाला आहे, आणि आमचा पालघर जिल्हा 2014 मध्येच स्वतंत्र झाला आहे. तेव्हा जे. जे.च्या वॉर्डात, के. ई. एम.मध्ये किंवा आपल्याच जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयात एखादा तरुण डॉक्टर आपल्या वरिष्ठाच्या देखत तुम्हांस तपासू का, असे नम्रपणे विचारील, तर वाचकहो, शक्य असेल तेव्हा त्यास होकार द्या, आणि वरिष्ठ तेथे उभे राहतील ना, हेही अवश्य विचारा.