देवमाशाचं तेल आणि अवकाशयान

परवा गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, अवकाशयानात देवमाशाचं तेल घालतात म्हणे, खरं का?"

कुणी "हप्ता भरला" म्हणालं तर आपण पासबुक बघतो. इथेही नोंद बघू या.

स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या डोक्यात मेणासारखं तेल असतं. पूर्वी त्यावर दिवे जळत, त्याच्या मेणबत्त्या होत. पुढे अमेरिकेत मोटारींच्या गिअरमध्येही ते घालत. त्यापायी देवमाशांची अतोनात शिकार झाली. 1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, आणि तेलाची आयात थांबली. तेव्हा "याच्याशिवाय चालणार नाही" म्हणणारे होतेच. पण जोजोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांत जवळपास तसंच तेल सापडलं. आज आपल्या राजस्थानातही जोजोबा पिकतो.

मग यानाचं काय? अवकाशात हवा नाही. तिथे साधं तेल हळूहळू उडून जातं आणि दुर्बिणीच्या काचेवर बसतं. म्हणून तिथे खास बनवलेली कृत्रिम तेलं किंवा कोरडी वंगणं वापरतात. हबल दुर्बीण तर 1990 ला, आयात थांबल्यावर वीस वर्षांनी वर गेली. तिच्यात देवमाशाचं तेल घातल्याची नोंद कुणी दाखवलेली नाही.

नोंद आहे ती वेगळीच. 1977 मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी आहे, आणि तिच्यात देवमाशाचं गाणं आहे!

मोबाईलवर आलेली गोष्ट पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: नोंद कुठे आहे?