गाडी गॅरेजमध्ये, पण ड्रायव्हर ड्युटीवर: दुरुस्तीचे तास वहीत कसे लिहायचे?

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला घाट उतरला की दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोवा. हंगामात ऊस, एरवी काजू आणि हलकर्णी-शिनोळीच्या कारखान्यांचा माल, अशी इथल्या गाड्यांची वर्दळ चालू असते. आपल्या समाजातली कितीतरी घरं ड्रायव्हिंग, क्लीनरकी आणि गॅरेजच्या कामावर चालतात. या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: गाडी बंद पडून दुरुस्तीला लागली, तर त्या वेळात ड्रायव्हर कामावर असतो की सुट्टीवर?

बरेच मालक म्हणतात, "गाडी उभी आहे, मग ड्युटी कसली?" कायदा मात्र असं म्हणत नाही. नेमकं काय आहे ते आम्ही इथे मांडत आहोत.

कायद्यात "कामाचे तास" म्हणजे काय?

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा. त्यातल्या व्याख्येप्रमाणे कामगार ज्या वेळात मालकाच्या दिमतीला असतो, तो वेळ म्हणजे कामाचे तास. त्यात स्टिअरिंगवरचा वेळ येतो, तसंच "पूरक काम"ही येतं. हिशोब देणं, गाडी ताब्यात घेणं आणि जागेवर लावणं, माल चढवणं-उतरवणं ही सगळी पूरक कामं. याच यादीत गाडीची देखभाल आणि दुरुस्ती यासंबंधीचं काम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. म्हणजे मेस्त्रीच्या हाताखाली जॅक लावणारा, चाक उतरवणारा, पाटा बदलताना मदत करणारा ड्रायव्हर ड्युटीवरच असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. तिथेही वाहतूक कामगाराच्या तासांत पूरक काम धरलेलं आहे आणि दिवसाची मर्यादा ८ तासांचीच आहे.

गॅरेजमधला वेळ तीन प्रकारचा

१. *हाताने काम:* मेस्त्रीला मदत, पार्ट आणायला बेळगावला जाणं, दुरुस्तीनंतर ट्रायल मारणं. हे सरळ कामाचे तास.

२. *गाडीजवळ थांबणं:* माल भरलेला आहे, मालकाने "गाडी सोडू नको" म्हणून सांगितलंय. हात रिकामे असले तरी माणूस मोकळा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९१ प्रमाणे, गाडीजवळ थांबावं लागलेला वेळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती मानायचा हे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्यामुळे या वेळेवरून वाद होऊ शकतो. म्हणूनच कुणाच्या सांगण्यावरून थांबलो, हे वेळेसह लिहून ठेवणं सगळ्यात गरजेचं.

३. *खरी मोकळीक:* चावी मेस्त्रीकडे, मालकाने जायला सांगितलं, जेवा, नमाज पढा, झोपा, घरी जा. हा वेळ विश्रांतीचा. तो कामात दाखवू नका.

एक दिवस लिहून बघू

समजा, हलकर्णीहून गोव्याची खेप आहे आणि गाडी पाटणे फाट्याजवळ बंद पडली.

- ६.०० ते ६.३०: गाडी तपासणं, ताडपत्री बांधणं (पूरक काम)
- ६.३० ते ८.००: ड्रायव्हिंग
- ८.०० ते ९.३०: क्लच गेला, मालकाच्या फोनवरून गाडीजवळ थांबलो
- ९.३० ते ११.००: मेस्त्रीसोबत काम
- ११.०० ते ११.३०: मोकळा, जेवण आणि आराम
- ११.३० ते २.००: मेस्त्रीसोबत काम
- २.०० ते २.३०: ट्रायल

गाडी चालली फक्त दीड-दोन तास. पण थांबल्याचा वेळ धरून अडीचच्या ठोक्याला आठ तास भरले. वहीत नुसतं "गाडी बंद" एवढंच लिहिलं, तर कागदावर हा माणूस ताजातवाना दिसतो आणि संध्याकाळी त्यालाच "चल, आता माल पोचव" म्हणून तिलारी घाटाकडे पाठवलं जातं. तीव्र उतार, नागमोडी वळणं, पावसाळ्यात धुकं आणि सकाळी सहापासून उठलेला ड्रायव्हर. खरा धोका इथे आहे.

ब्रेकडाऊन असेल तर जादा काम चालतं का?

चालतं, पण त्याला सीमा आहे. गाडी बंद पडणं, रस्ता अडणं, नैसर्गिक आपत्ती अशा वेळी आठ तासांपलीकडे काम घेण्याची सवलत १९६१ च्या कायद्यानेच दिली होती. एरवीच्या दिवसांसाठी त्याच कायद्याची शिस्त होती: सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, कामाचा एकूण पसारा १२ तासांत आणि दोन दिवसांच्या ड्युटीमध्ये सलग ९ तास आराम. विश्रांतीचा तपशील आता संहितेखालच्या नियमांनी ठरतो, पण रोजची वही लिहिताना हे आकडे नजरेसमोर ठेवायला हरकत नाही. नव्या संहितेत जादा कामाला कामगाराची संमती लागते आणि त्याचा पगार दुप्पट दराने द्यावा लागतो.

अमेरिकेत हा मुद्दा नियमातच सोडवलेला आहे. बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं, मदत मिळवणं किंवा तिच्याजवळ थांबणं हा सगळा वेळ तिथे "ऑन ड्युटी" धरतात. डिसेंबर २०१७ पासून तिथल्या बहुतेक ट्रकमध्ये तासांची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रावर होते. आपल्याकडे बहुतेकांचं यंत्र म्हणजे खिशातली वही.

"खेप झाली नाही, पैसे नाहीत"

खेपेवर पैसे घेणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं. वेतन संहिता २०१९ प्रमाणे, ज्याचं किमान वेतन दिवसावर ठरलेलं आहे तो कामावर हजर असेल आणि काम कमी मिळालं असेल, तर त्याला पूर्ण दिवसाचं वेतन मिळायला हवं. त्याने स्वतःहून काम नाकारलं असेल तर गोष्ट वेगळी. गाडी बिघडणं म्हणजे ड्रायव्हरने काम नाकारणं नव्हे.

छोट्या मालकाकडे काम असेल तर

१९६१ चा कायदा ५ किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. नव्या संहितेत ही संख्या साधारण १० आहे. चंदगडात दोन-तीन गाड्यांचे मालक बरेच, ते यातून सुटतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ला कामगारांच्या संख्येची अट नाही आणि वेतन संहितेलाही नाही. मालक नात्यातला, गल्लीतला असला तरी हिशोब लिहिलेला बरा. पुढे मनं कलुषित होत नाहीत.

वही का महत्त्वाची?

जॅक सरकून हात सापडला, गाडीखाली अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न असतो: माणूस त्या वेळी कामावर होता का? मालक किंवा विमा कंपनी "तो सुट्टीवर होता" म्हणाली, तर घरच्यांच्या हातात काय असतं? रोजची नोंद, गॅरेजचं बिल, मालकाचा मेसेज. एवढंच. म्हणून:

- गाडी बंद पडल्याची वेळ, जागा आणि किलोमीटर लगेच लिहा. बंद गाडीचा फोटो काढा.
- मालकाला फोन केला तरी मागून एक मेसेज टाका: "गाडी अमुक ठिकाणी बंद, थांबतोय."
- गॅरेजच्या बिलावर गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ घालून घ्या.
- विश्रांती मिळाली तर तीही लिहा. एकतर्फी वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.
- रात्री वहीच्या पानाचा फोटो घरी पाठवा. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने तो जपून ठेवावा.

मालकाशी बोलून प्रश्न सुटत नसेल तर कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करता येतो. अर्जासोबत निदान महिन्याभराच्या नोंदींच्या प्रती जोडा आणि एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. अपघाताचं प्रकरण असेल तर उशीर न करता वकिलाला भेटा.

आणि जे आपले भाई स्वतः मालक आहेत, त्यांनाही आमचं एवढंच सांगणं: दिवसभर गाडीखाली राबलेल्या माणसाला रात्री घाटात पाठवू नका. माल सकाळी पोचला तरी चालतो.