जपानचे सुगी-वन आणि वसंतातील शिंका

दुसऱ्या महायुद्धाने जपानचे डोंगर बोडके केले. पूर व दरडी रोखण्यासाठी आणि घरबांधणीच्या लाकडासाठी १९५०च्या दशकात सरकारने सुगी या सूचिपर्णी वृक्षाची लाखो हेक्टरांवर लागवड करविली. पुढे स्वस्त आयात लाकूड आले. तोड मंदावली, झाडे प्रौढ होऊन परागकण उधळू लागली. सुगीच्या अ‍ॅलर्जीचा पहिला वृत्तांत १९६४मध्ये निक्को परिसरातून आला. उन्हाळा जितका कडक, तितकी नरफुले अधिक आणि पुढील वसंतात परागकणही अधिक. तापमानवाढीने हे संकट बळावले. २०२३मध्ये सरकारने तीस वर्षांत परागकण निम्मे करण्याचे उद्दिष्ट ठेवले. आजोबांनी डोंगर सावरले. त्याची किंमत नातवंडे मोजत आहेत.