कुई आणि तिचा खणणारा

जैसलमेरहून रामगढकडे आम्ही निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना वाळू, रुईची झुडपे आणि एखाददुसरी शमी, याखेरीज दृष्टीस काही पडेना. जेथे वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि खोल खणले तर बहुधा खारे पाणी लागते, तेथे माणसे शतकानुशतके राहिली कशी? याचे उत्तर एका सखल जागी, लाकडी झाकणाखाली मिळाले. ती होती कुई.

कुई विहिरीसारखी दिसते. पण ती भूजलापर्यंत जातच नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते. काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. तो हा ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. तोच ओलावा थेंबथेंब कुईत झिरपतो आणि दिवसाला दोनतीन घागरी गोडे पाणी देतो. कुई रुंद केली तर एवढेसे पाणी तळाशी पसरून वाया जाईल, म्हणून ती अरुंद.

आता खणणाऱ्याकडे पाहू. त्याला चेजारो म्हणतात. अरुंद जागेत कुदळ उगारता येत नाही; तो उकिडवा बसून आखूड दांड्याच्या हत्याराने तीस ते साठ हात खाली जातो. डोक्यावर धातूचे टोप. आत कोंडलेली हवा हलावी म्हणून वरचे लोक मुठीमुठीने वाळू फेकतात. कडा ढासळू नयेत म्हणून खीप गवताचा दोर वेटोळे करून बसवतात. तीस हातांच्या कुईला असा सुमारे ४,००० हात दोर लागतो. अनुपम मिश्र यांनी १९९५ च्या आपल्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या ग्रंथात हे सारे नोंदवून ठेवले आहे.

जैसलमेरचा चौदाव्या शतकातील गडीसर तलाव महारावळ घडसी यांचे नाव सांगतो. कुईवर मात्र कोणाचेच नाव नाही. तरी चेजाऱ्याला काम संपताना मानाची भेट मिळे आणि पुढे वर्षानुवर्षे सणाला नेग, पिकात वाटा मिळे. पुढे नुसती रोख मजुरी राहिली.

आमची उमर रोख मजुरी मागण्यात गेली. धान्याच्या वाट्यावर आमचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडे बलुत्याने माणसाला गावाशी जखडले. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक आणले ते उगीच नव्हे. तरीही त्या झाकणाशी उभे असता आम्हांला आपल्या हिशेबातली एक चूक दिसली. मजुरी चुकती झाली की संबंध संपला, असे आपण धरून चाललो. पण पाणी तर रोज झिरपते! ज्याच्या श्रमाचे फळ पिढ्या पितात, त्याचा हक्क एका दिवसाच्या हजेरीत कसा संपेल? नाही म्हणण्याची मोकळीक मजुराला हवी, आणि केलेल्या कामावरचा हक्कही हवा. यांतले एक देऊन दुसरे काढून घेणे, हा न्याय नव्हे.

परतताना झाकण आम्ही नीट बसवले. तेवढेच आमच्या हाती होते.