लोखंडाआधीचे लाकूड

ख्रिस्तमंदिरातील क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे आपण भक्तिभावाने पाहतो; त्यांच्या चौकटींच्या कोपऱ्यांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. दोन पट्ट्यांची टोके ४५ अंशांत तिरपी कापून एकमेकींना भिडवली की काटकोन साधतो. चौकटीला चार कोपरे, म्हणजे अशी आठ टोके. प्रत्येक टोक अर्ध्या अंशाने चुकले, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते. नुसत्या करवतीने एवढी अचूकता साधणे ही कसबी सुताराचीही कसोटीच होय.

या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हाताने चालणारे एक यंत्र प्रचारात आले. 'ट्रिमर' हे त्याचे नाव. ग्रँड रॅपिड्स या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या नगरात फॉक्स कंपनी अशी यंत्रे बनवीत असे. बिडाच्या बैठकीवर सरकणारे धारदार पाते, ते सरकवणारा लांब दांडा आणि लाकूड टेकवण्यासाठी हव्या त्या कोनात बसणारी टेकणी, एवढाच त्याचा संसार. हे यंत्र करवतीची जागा घेत नाही. आधी करवतीने तुकडा किंचित लांब कापावा, टेकणीचा कोन तपासावा, मग दांडा ओढून टोकावरून कागदासारखा पातळ काप काढावा. जाड काप घेण्याचा मोह धरला, की यंत्र अडते आणि लाकूड फाटते. पाते बोथट असेल, तर लाकडाचे तंतू कापले न जाता चिरडतात. लाकूड धरणारा हात मात्र पात्याच्या वाटेपासून दूरच हवा.

चौकटी बनवणाऱ्यांइतकाच या यंत्राचा उपयोग ओतशाळेतील सुतारांना होई. बिडाची वस्तू ओतण्यापूर्वी तिची लाकडी प्रतिकृती, म्हणजे 'पॅटर्न', करावी लागते. ती वाळूत दाबून काढली, की उरलेल्या पोकळीत तापलेला रस ओततात. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. चाकासारखी गोल वस्तू असेल, तर सहा तुकडे जोडून कडे करतात आणि अशी कडी विटांच्या थरांप्रमाणे सांधे चुकवून एकमेकांवर चिकटवतात. एका कड्यात बारा टोके. ती सारी ६० अंशांत तंतोतंत हवीत. ट्रिमरची खरी परीक्षा येथे होई.

या कामाचा बारामती-इंदापूरच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. १८७६-७७च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि या कोरडवाहू मुलखात ऊस व गूळ आले. नांगर, मोटेचे चाक, गाडा आणि उसाचा लाकडी चरक ही सारी गावच्या सुताराची निर्मिती. त्याचे बलुते त्यावर ठरलेले. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी आरंभी तो घेईनात. परंतु १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर व चरक गावोगावी पोहोचले. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या वालचंदनगरचा साखर कारखाना १९३४ मध्ये सुरू झाला. पुढे तेथेच साखर कारखान्यांची यंत्रेही घडू लागली.

लोखंडाने सुताराचे बलुते हिरावले, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. गावच्या प्रत्येक सुताराला कारखान्याचे दार उघडले नाही. कित्येकांच्या हातचा वाकस कायमचा खाली राहिला. तथापि, दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ज्या बिडाच्या चरकाने लाकडी चरक हटवला, तोही आधी लाकडातच घडला होता. बिडावर कंपनीचे नाव उठून दिसे. पॅटर्न करणाऱ्याचे नाव कोठेच नसे.

आज संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे पॅटर्न कोरतात आणि जुनी अवजारे वजनावर भंगारात जातात. वाचकहो, आपल्या घरी कोणी वडीलधारे सुतारशाळेत वा ओतशाळेत राबले असतील, तर त्यांच्याजवळ बसा. कोणते लाकूड वापरले, कोन कसा तपासला, धार कशी लावली, हे विचारून लिहून ठेवा. दुष्काळाची आणि कारखान्यांची साले पुस्तकांत मिळतील. हे ज्ञान मात्र त्या हातांबरोबरच जाईल.